सिग्नलच्या पाच काड्या, तरी आवाज तुटतो: डिजिटल स्कॅनरचं एक चिवट दुखणं

डिजिटल स्कॅनर म्हणजे पोलीस, अग्निशमन दल, विमानं यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा संच. त्याची तक्रार दर वेळी जवळपास याच शब्दांत येते. "एवढे डॉलर मोजून हातातला डिजिटल स्कॅनर घेतला, पडद्यावर सिग्नलच्या पाचही काड्या उभ्या आहेत, आणि ऐकू काय येतं, तर गुळण्या करता करता बोलल्यासारखं काहीतरी." मग माणूस मोठी अँटेना आणतो. तरी तेच. मग आणखी मोठी आणून पोटमाळ्यावर चढवतो, आणि आधी निदान चार शब्द कळायचे तेही कळेनासे होतात.

मी याच वाटेनं गेलोय. मी ओहायोत राहतो, कोलंबसच्या वायव्येकडच्या उपनगरात. इथे फ्रँकलिन काउंटीत दर बुधवारी दुपारी बारा वाजता टोर्नेडोचे भोंगे चाचणीसाठी वाजतात. बुधवार सोडून वाजले की तळघर गाठायचं. पहिल्या वसंतात दोनदा बायको-मुलांना घेऊन तळघरात बसलो आणि बाहेर नक्की काय चाललंय ते कळेना. झाड कुठे पडलं, कुठला रस्ता बंद झाला, हे सगळ्यात आधी अग्निशमन दलाच्या रेडिओवर येतं. म्हणून स्कॅनर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे लक्षात येईल की हे दुखणं एका कंपनीचं नाही, एका पिढीच्या सगळ्याच संचांचं आहे.

संच आला त्या दिवशी हवामान खात्याचा रेडिओ, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झमधल्या सात चॅनलांपैकी आमच्याकडचा, खणखणीत लागला. विमानतळाचा टॉवर स्वच्छ. १६० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे रेल्वेचे गार्ड-ड्रायव्हर स्वच्छ. आणि ज्याच्यासाठी घेतला ते अग्निशमन दल मात्र "इंजिन... ग्र्र्ळ... ब्रॉड... ट्क ट्क... ड्राइव्ह". बाकी सगळं चांगलं आणि एवढंच वाईट, हाच पहिला पुरावा होता. तो समोर असून मी तीन महिने अँटेना बदलत बसलो.

आधी हे दुखणं तेच आहे का, ते बघा

तुटक आवाजाची कारणं चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीचं औषध घेतलं की पैसे जातात.

काहीच ऐकू येत नसेल आणि पडद्यावर ईएनसी अशी अक्षरं उमटत असतील, तर ते एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं सांकेतिक करून पाठवणं. बऱ्याच ठिकाणच्या पोलिसांनी आता ते लावलंय. त्यावर कुठलाही स्कॅनर, कितीही महाग, उपाय नाही. दुकानदार काहीही सांगो, त्या कारणासाठी नवा संच घेऊ नका.

काड्या एक-दोनच असतील आणि शब्द गळत असतील, तर सिग्नलच अशक्त आहे. तिथे मात्र चांगली अँटेना खरोखर कामाला येते.

एकच बाजू ऐकू येते, उत्तर देणारा गायब होतो, पण जे येतं ते स्वच्छ, असं असेल तर संच फार भटकतोय. झिप कोड (इथला पिनकोड) टाकला की आतली यादी आसपासच्या डझनभर यंत्रणा एकदम चालू करते, आणि स्कॅनर पाळीपाळीनं सगळ्यांच्या दारात डोकावत फिरतो. नको त्या बंद करा. पाच मिनिटांचं काम.

चार्जर लावला की खरखर आणि काढला की शांत, तर दोष चार्जरचा. विमानतळाच्या एएम चॅनलवर हे लगेच कळतं. पेनच्या सेलवर चालणाऱ्या संचात जुने झालेले रिचार्जेबल सेलही मधेच दम तोडतात. नवे घालून बघा आणि पुढे चला.

आता आपलं दुखणं. काड्या भरलेल्या. आवाज रोबोटासारखा, मधेच चिरकणारा. संच टेबलावर ठेवला तर कळत नाही, उचलून दोन पावलं चाललं की अचानक एक आख्खं वाक्य स्वच्छ येतं आणि पुन्हा चिखल. काही संचांत डिजिटल चुकांचा आकडा पडद्यावर दाखवायची सोय असते, ती चालू करा. काड्या पूर्ण आणि चुकांचा आकडाही चढलेला, हे दोन्ही एकत्र दिसलं की निदान पक्कं. याला सायमलकास्टचा घोळ म्हणतात.

जाहीर सभेतले भोंगे

मैदानातली सभा आठवा. खांबाखांबावर भोंगे बांधलेत, वक्ता एकच, माईक एकच. तुम्ही एका भोंग्याच्या थेट खाली उभे असाल तर शब्द न् शब्द कळतो. दोन खांबांच्या बरोबर मधे उभे राहा. "मित्रहो" चं "मित्रहो... त्रहो... हो" होतं. आवाज कमी नाही, उलट दोन्हीकडून भरपूर आहे. भरपूर आहे म्हणूनच कळत नाही. मागच्या माणसानं ओरडून "आवाज वाढवा" म्हटलं आणि मंडपवाल्यानं खरंच वाढवला, तर काय होईल? मी मोठी अँटेना लावली तेव्हा तेच झालं होतं.

अमेरिकेतल्या काउंट्यांकडे फ्रीक्वेन्सी मोजक्या असतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी अनेक मनोऱ्यांवरून तेच बोलणं, त्याच फ्रीक्वेन्सीवर, त्याच क्षणी सोडतात. हेच सायमलकास्ट. सगळे मनोरे जीपीएसच्या घड्याळाला बांधलेले असतात. निघताना सगळे एकत्र निघतात, पण तुमच्यापाशी एकत्र पोचत नाहीत. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. एक मनोरा दुसऱ्यापेक्षा १६ किलोमीटर लांब असेल तर त्याची प्रत साधारण ५३ मायक्रोसेकंद उशिरा येते. पी-२५ या डिजिटल पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४८०० चिन्हं जातात, म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला २०८ मायक्रोसेकंद. पाव चिन्हाएवढा उशीर झाला. दुसऱ्या टप्प्यात सेकंदाला ६००० चिन्हं, प्रत्येकाला १६७ मायक्रोसेकंद. तोच उशीर आता जवळजवळ तिसरा हिस्सा खातो. एका चिन्हाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं.

आता कोणीही विचारेल, मग बंबावरच्या जवानांना कसं ऐकू येतं? त्यांचे संच हजारो डॉलरचे असतात आणि याच कामासाठी घडवलेले. ते लहरीची उंची आणि तिची कला (फेज), दोन्ही मोजतात आणि उशिरा आलेली प्रत वजा करतात. आपल्या जुन्या धाटणीच्या स्कॅनरमध्ये एफएमचा डिस्क्रिमिनेटर असतो. तो फक्त फ्रीक्वेन्सी किती हलली एवढंच बघतो, उंची छाटून टाकतो. साध्या पी-२५ सिग्नलला ते चालतं, कारण त्याची उंची स्थिर असते. पण अनेक मनोऱ्यांवरून सोडायचा सिग्नल मुळातच वेगळ्या तऱ्हेनं घडवतात आणि त्याच्या उंचीतही माहिती असते. नेमकी तीच आपला संच कापून फेकतो. उरलेल्या चिंध्यांतून आवाज शिवायचा प्रयत्न करतो, त्याची ती गुळणी.

बाबांनी दोन मिनिटांत केलं ते

एवढं सगळं मला नंतर कळलं. त्याआधी बाबा आटपाडीहून सहा महिन्यांसाठी आले होते. मी जेवणाच्या टेबलावर स्कॅनर उघडून मेनूत बोटं घालत बसलेला.

"अरे, एवढी कसली बटणं दाबतोस? फिरवून बघितलंस का?"

"बाबा, हा काय मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर आहे का? डिजिटल आहे तो."

"असू दे डिजिटल. येतंय ते हवेतनंच ना?"

आणि त्यांनी तो उचलला. आमच्या घरी पूर्वी रात्री पुणे केंद्र धरायला ट्रान्झिस्टर असाच फिरवायचे. आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा असते, तेव्हा त्यात तथ्य होतं. स्कॅनरच्या रबरी अँटेनेला तशी दिशा नसते, म्हणून मी मनात हसत होतो. बाबा खिडकीशी गेले, तिथे जास्तच बिघडलं. मग ओट्याच्या टोकाला गेले आणि फ्रिजच्या कुशीत, भिंत आणि फ्रिज यांच्या फटीजवळ त्यांनी तो टेकवला. आणि एक बाई शांतपणे पत्ता सांगू लागली. घरक्रमांकासकट.

काड्या किती होत्या? दोन.

फ्रिजच्या पत्र्यानं ईशान्येकडचा मनोरा झाकला होता. उरला एकच. भोंग्याखाली उभं राहिल्यासारखं. यातला एक मनोरा बाकीच्यांच्या मानानं चांगलाच जोरकस झाला की संच त्यालाच धरतो. म्हणजे आपल्याला सिग्नल जास्त नको असतो, तो एकाच तोंडून हवा असतो. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीचे प्रकार आहेत.

पैसे न घालता करायचं

सगळ्यात आधी संच एकाच यंत्रणेच्या एकाच साइटवर, म्हणजे एका मनोऱ्यावर किंवा एकत्र बोलणाऱ्या मनोऱ्यांच्या गटावर, थांबवून ठेवा, नाहीतर सुधारलं ते जागेमुळे की चॅनल बदलला म्हणून, हे कळणार नाही. मग घरभर चाला. खिडकी सोडा, आतल्या खोल्या बघा, तळघर जरूर बघा. फ्रिज, धातूचं कपाट, वॉशिंग मशीन यांच्या चारी बाजूंना ठेवून बघा. स्वतःच्या शरीराचाही आडोसा होतो. स्कॅनर छातीशी धरून गोल फिरा, एखाद्या दिशेला तोंड केल्यावर आवाज सुधारला तर पाठीमागचा मनोरा त्रास देत होता हे समजलं.

एक गोष्ट घाईत निसटते. ८५० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३५ सेंटीमीटर असते आणि ती अर्ध्या लांबीवर, म्हणजे वीतभराहून थोड्या कमी अंतरावर, चढते-उतरते. म्हणून खोली बदलण्याआधी संच वीतभर सरकवा. एकाच फळीवर डावीकडे चिखल आणि उजवीकडे खडा आवाज, असं होतं. चांगली जागा सापडली की तिथे चिकटपट्टीची खूण करा. मी केलीय, बायको तिला देवाची जागा म्हणते.

अँटेना लहान करून बघा. काही जण अँटेना काढून तिच्या जागच्या भोकात कागदाला लावायची क्लिप सरळ करून घालतात. स्कॅनर फक्त ऐकतो, बोलत नाही, त्यामुळे संचाला धोका नाही, पण जाड तार कोंबून आतली पकड सैल करू नका. हे मला निम्म्या वेळा उपयोगी पडलं. संचातला अटेन्यूएटर, म्हणजे सिग्नल कमी करायची सोय, मात्र फार वाखाणला जातो, तेवढा तो लायक नाही. तो सगळ्या मनोऱ्यांना सारखाच दाबतो, त्यामुळे त्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं. दुबळा मनोरा अगदी बुडण्याच्या बेतात असेल किंवा मनोरा इतका जवळ असेल की संचाचे कान बसलेत, तरच फरक पडतो.

युनिडेन कंपनीच्या काही संचांत पी-२५ थ्रेशोल्ड नावाचा आकडा असतो, ५ ते १३, मुळात ८. ऑटोवरून मॅन्युअलवर आणा आणि एकेक घर वर-खाली करून चुकांचा आकडा बघा. थोडं सुधारतं. चमत्कार होत नाही. इंटरनेटवर "अमुक आकडा टाका, सगळं बरं होईल" असं वाचाल ते ज्याच्या घरी बरं झालं त्याच्याच घरापुरतं खरं असतं.

शेजारच्या काउंटीत एकट्या मनोऱ्याची साइट असेल तर तीही धरून बघा. पण त्यात एक मेख आहे. आपला टॉकग्रुप, म्हणजे आपल्याला ऐकायचा तो बोलणाऱ्यांचा गट, त्या साइटवर तेव्हाच येतो, जेव्हा त्या गटातला एखादा तरी संच तिथे नोंदलेला असतो. आज ऐकू आलं, उद्या तासन् तास शुकशुकाट, असं झालं तर स्कॅनरला दोष देऊ नका.

पैसे घालायचेच असतील तर

घरी एका जागी ऐकणार असाल तर यागी अँटेना. आपण जिला टीव्हीची काट्यांची अँटेना म्हणायचो तीच, ७००–८०० मेगाहर्ट्‌झसाठीची, त्यामुळे लहानखुरी. काटे उभे राहतील अशी लावायची, आडवी नाही. मनोरे कुठे आहेत ते एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या परवान्यांच्या नोंदीत सापडतं, त्या उघड्या असतात. नकाशावर मनोऱ्यांच्या खुणा करा आणि असा एक निवडा की ज्याच्या रोखानं दुसरा मनोरा येत नाही. गंमत अशी, की हवा तो मनोरा बरोबर समोर आणण्यापेक्षा नको तो मनोरा अँटेनेच्या आंधळ्या बाजूला टाकणं जास्त उपयोगी ठरतं. तीस-चाळीस अंश तिरकी ठेवूनच आमच्याकडे नीट चालते.

नवा संच घ्यायच्या आधी मात्र एक स्वस्त तपासणी कराच. आरटीएल २८३२यू या चिपचा यूएसबी डोंगल तीस-चाळीस डॉलरला मिळतो. मुळात तो टीव्ही बघायचा. लॅपटॉपला लावा, एसडीआरट्रंक हे फुकट सॉफ्टवेअर घाला आणि मॉड्युलेशनच्या खान्यात सायमलकास्ट, म्हणजे एलएसएम, निवडा. एक डोंगल साधारण २.४ मेगाहर्ट्‌झएवढा पट्टाच बघतो, तुमच्या यंत्रणेच्या फ्रीक्वेन्सी त्याहून पसरलेल्या असतील तर दोन लागतील. त्याच टेबलावर, त्याच काड्यांत लॅपटॉपवर आवाज स्वच्छ आला तर मनोऱ्याचा, अँटेनेचा, घराचा दोष नाही, जुन्या संचाच्या कानाचा आहे. मला हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं आणि पोटमाळ्यावरची दोनशे डॉलरची अँटेना डोळ्यांसमोर आली. लॅपटॉपवरही तुटत असेल तर सातशे डॉलरचा नवा स्कॅनर घेऊनही रडाल.

लॅपटॉपवर स्वच्छ आलं असेल, तर उंची आणि कला दोन्ही वाचणारे हातातले स्कॅनर आता आहेत. युनिडेनचा एसडीएस१०० २०१८ मध्ये आला, तो या जातीचा पहिला. टेबलावरचा भाऊ एसडीएस२०० त्याच्या पुढच्या वर्षी. किंमत सातशे डॉलरच्या घरात. त्यात फिल्टरचे अनेक प्रकार असतात: नॉर्मल, इन्व्हर्ट, वाइड, ऑटो. प्रत्येक साइटला कुठला मानवतो ते एकेक लावूनच बघावं लागतं, म्हणजे खटपट पूर्ण संपत नाहीच. दुसरी वाट युनिकेशन कंपनीच्या जी४ किंवा जी५ पेजरची, म्हणजे बोलणं ऐकवणाऱ्या छोट्या संचाची. सायमलकास्टला ते उत्तम, बॅटरी टिकते, वापरायला सोपे, पण त्यात विमानं ऐकता येत नाहीत. ज्याला फक्त अग्निशमन ऐकायचंय त्याला मी पेजर सांगेन. ज्याला मुलाला घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहायचंय त्यानं स्कॅनरच घ्यावा. मी अजून जुनाच वापरतो, फ्रिजच्या कुशीत.

जुना संच वापरलेल्या मालात स्वस्त दिसतो म्हणून उडी मारू नका. विकणारा "आमच्याकडे मस्त चालतो" म्हणतो ते बहुधा खरंच असतं. तो भोंग्याखाली राहतो.

गाडीत नेताना

घरी ऐकायला अमेरिकेत साधारणपणे हरकत नाही. मोबाइल फोनचं संभाषण ऐकणं १९८६ च्या कायद्यानं बंद आहे, आणि बाजारातले स्कॅनर तो पट्टा वगळूनच येतात. गाडीतलं गणित मात्र राज्याराज्यात बदलतं. न्यूयॉर्क, इंडियाना, केंटकी, फ्लोरिडा, मिनेसोटा इथे गाडीत पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी ऐकणारा संच बाळगण्यावर बंधनं आहेत, हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकांना काही ठिकाणी सूट. आम्हा कोलंबसकरांनी हे विशेष लक्षात ठेवायचं, कारण शिकागोला निघालं की वाटेत इंडियाना लागतं आणि सिनसिनाटीला पूल ओलांडला की केंटकी. मी राज्याची हद्द यायच्या आत संच बंद करून सेल काढतो आणि डिकीत टाकतो. तेवढ्यानं प्रत्येक राज्याचा कायदा पाळला जातो असं समजू नका, निघण्यापूर्वी तिथला नियम वाचा.

आणि "सुट्टीत पुण्याला घेऊन जाऊ का?" हा प्रश्न दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच. नेऊ नका. भारतात बिनतारी संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना हवा, हा दंडक १९३३ च्या कायद्यापासूनचा आहे. कस्टमवाल्यासमोर उभं राहून "फक्त ऐकायचा आहे हो" म्हणण्यात काही अर्थ नाही.

एप्रिलात खूण सरकते

हिवाळ्यात लावलेली चिकटपट्टी वसंतात खोटी ठरते, हे पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. मागच्या अंगणात मेपलची दोन मोठी झाडं आहेत. ती पानानं भरली की लहरी वेगळ्या वाटेनं येतात, ओली पानं आणखी वेगळं करतात. शेजाऱ्यानं पत्र्याची शेड उभी केली तेव्हाही असंच झालं होतं. "परवापर्यंत चालत होता, संचात मी काहीच बदललं नाही" अशी तक्रार एप्रिल-मेमध्ये वाढते ती यामुळेच. संच रीसेट करू नका, आतली यादी पुसू नका, कार्ड फॉरमॅट करू नका. वीतभर सरकवा आणि चुकांचा आकडा बघा.

आमची खूण यंदा फ्रिजपासून मायक्रोवेव्हच्या दिशेनं चार बोटं गेली आहे. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग नवी पट्टी लाव, जुनी काढून टाकू नको. थंडीत लागेल."